काढ्याच्या बाटलीवरचा दावा कसा वाचायचा

असे दावे वाचायला नवीन आहात म्हणून आधीच सांगतो: ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य दिसलं की कान टवकारा. ज्येष्ठमधाचंच घ्या. घशाला बरं वाटतं, पण त्यातलं ग्लायसिरायझिन रोज पोटात गेलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. म्हणजे बीपीच्या माणसाने ‘हृदयासाठी उत्तम’ असा काढा घेऊन बीपीच वाढवायचं! त्यामुळे घटकांची यादी आधी वाचा, जाहिरात नंतर. यादीच नसेल तर बाटली खाली ठेवा.

मग दाव्यातलं क्रियापद बघा. ‘साखर संतुलित ठेवण्यास मदत’ म्हणजे मधुमेह बरा होणं नव्हे. शब्द मोजून-मापून टाकलेले असतात. ‘संशोधनाने सिद्ध’ असेल तर विचारा, कुणावर? उंदरांवर की माणसांवर? अर्क किती दिला, आणि तुलनेला दुसरा गट होता का?

‘पंधरा दिवसांत माझी साखर उतरली’ असे अनुभव भरपूर भेटतील. लोक खोटं बोलत नाहीत, पण काढा सुरू करणारा बहुधा पथ्यही त्याच दिवशी सुरू करतो. श्रेय कुणाचं? शिवाय एचबीए१सी ही रक्ततपासणी साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, एका सकाळच्या आकड्यावर भुलू नका.

कारल्याचा रस इन्सुलिनच्या जोडीला घेतला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रयोग नकोच. डॉक्टरांना बाटलीच दाखवा. आणि चालू गोळ्या बंद करायला सांगणारा विक्रेता भेटला, तर पुढे काही ऐकूच नका.