काल्पनिक राज्याचा ऱ्हास खरा वाटेल असा कसा लिहावा?

तुमच्या कादंबरीतल्या राजाला दोन मुलं आहेत, थोरला ऐशारामी, धाकटा कर्तबगार. राजा गेल्यावर राज्य लयाला जातं ते खरं कसं वाटेल आणि वारसाचे नियम किती खोलात लिहावे, असा तुमचा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट, थोरल्याला ऐशारामी करू नका. राजा दारू प्यायला, नाचगाण्यात रमला आणि राज्य बुडालं, हे वाचून वाचून वीट आला आहे. राज्य बुडतं ते घरच्या भांडणात तिसऱ्याला बोलावल्यामुळे. आमच्या विदर्भात हे दोनदा झालंय. नागपुरातून राज्य करणारा देवगडचा गोंड राजा चांदसुलतान १७३९ मध्ये वारला आणि त्याच घराण्यातल्या वलीशाहने गादी बळकावली. राणी रतनकुंवरने आपल्या मुलांसाठी वऱ्हाडातून मराठा सरदार रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघूजींनी वलीशाहला हटवलं, मुलांना गादीवर बसवलं. पुढे अकबरशाह आणि बुऱ्हाणशाह हे दोघे भाऊच एकमेकांवर उठले. पुन्हा रघूजी आले, आणि या वेळी नागपूर सोडून गेलेच नाहीत. बुऱ्हाणशाहकडे राजा ही पदवी राहिली, राज्य भोसल्यांचं झालं. त्याच भोसल्यांच्या घरात १८१६ ला आप्पासाहेबांनी आपला कारभार पक्का करायला ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला, म्हणजे कंपनीची फौज आपल्या खर्चाने ठेवून घेतली, आणि दुसऱ्याच वर्षी सीताबर्डीवर कंपनीशी लढायची पाळी त्यांच्यावर आली. डलहौसीने १८५४ ला वारस नाही म्हणून राज्य खालसा केलं हे सगळे सांगतात, पण परका घरात शिरला होता तो त्याच्या कितीतरी आधी.

हे मी इतक्या तावातावाने लिहितोय, कारण यावरून माझं आमच्या गावात भांडण झालेलं आहे.

आमचं गाव झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यातलं. धान निघालं, दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू. बाकी गावं वडशाहून नाटक कंपनी बोलावतात, आमच्या मंडळाने एका वर्षी स्वतःचंच नाटक बसवायचं ठरवलं. लिहिलं मी. मोहगड नावाचं राज्य मनानेच रचलं, पण डोक्यात देवगडच होतं. त्यात एक प्रवेश असा होता: विधवा राणी शेजारच्या सरदाराला पत्र लिहून बोलावते. तो येतो, तिच्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवतो. ती विचारते, "परत केव्हा जाल?" तो म्हणतो, "पोरं मोठी झाली की." बस, इतकंच. तालमीत राणीचं काम करणारा पोरगा जुन्या कॅलेंडरच्या पानामागे खरंच पत्र लिहायचा, आणि "केव्हा" म्हणताना त्याची मान आपोआप खाली जायची. पेटीवाला त्या जागी सूर धरायचाच विसरायचा.

दिग्दर्शकाने तो प्रवेश उडवला. "अबे, लोकं तलवार पाहाले येतेत, पत्र आयकाले नाही," हे त्याचं म्हणणं. त्या जागी त्याने गाणं टाकलं आणि शेवटी लढाई वाढवली. नाटक रात्रभर चाललं, लढाईला शिट्ट्या पडल्या, मी नाही म्हणत नाही. पण सकाळी चहाच्या टपरीवर माणसं मलाच विचारत होती, "त्या सरदाराले गादी भेटली तरी कशी जी? तो आला कुठून?" दिग्दर्शक तिथेच बसला होता. आजही तो म्हणतो की लोकांचं लक्ष नव्हतं. लक्ष होतं म्हणूनच तर विचारलं ना!

नियमांचं म्हणाल तर एकच नियम ठेवा, आणि तो राजाने स्वतःच एकदा मोडलेला असू द्या. थोरल्याचा हक्क, पण आजोबांनी धाकट्याला बसवलं होतं, एवढं पुरे. मग दोन्ही भावांकडे खरा दावा असतो आणि कोणाला नालायक करायची गरज पडत नाही. वंशावळीची पानं भरू नका.

एक सांगायचं राहिलं. बोलावणारी बाईच असली पाहिजे असं मुळीच नाही, आप्पासाहेब पुरुषच होते. आणि बाईच्या हाती कारभार गेला म्हणजे राज्य बुडतंच, असंही कोणी समजू नये. चंद्रपूरला गोंड राजा बीरशाह मारला गेल्यावर राणी हिराईने रामशाहला दत्तक घेतलं, राज्य सांभाळलं, नवऱ्याची समाधीही बांधली. ती चंद्रपुरात आजही उभी आहे, जाऊन बघा. त्या वेळी राज्य टिकलं.

तुमच्या धाकट्याने मदत मागितली तर ती कोणाकडे, कोणत्या शब्दांत आणि काय कबूल करून मागितली, हे सविस्तर लिहा. संपादक म्हणेल इथे गती मंदावते. त्याला लढाईची पानं कापू द्या, हे पान देऊ नका.