चार जणांनी मिळून केलेल्या छोट्या मदतीचं पुढे काही होतं का?

तुमच्या गटाने वर्गणी काढून एका अनोळखी कुटुंबाला सावरलं, पुढे त्यांचा काहीच निरोप आला नाही, आणि आता अशा मदतीतून काही उरतं का, असं तुम्ही विचारताय. उरतं, असं मला मनापासून वाटतं. फक्त ते पाहायला देणारे बहुतेक वेळा हयात नसतात.

ओशिमाचंच घ्या. जपानच्या किनाऱ्याजवळचं हे मासेमारांचं छोटं बेट. सप्टेंबर १८९० मध्ये ‘एर्तुग्रुल’ ही तुर्की युद्धनौका वादळात तिथल्या खडकांवर फुटली. पाचशेहून अधिक माणसं गेली, ६९ वाचली. त्यांतले काही जण रक्तबंबाळ अवस्थेत कडा चढून दीपगृहापर्यंत पोचले, तेव्हा कुठे गावाला कळलं. एकमेकांची भाषा येत नव्हती. गावाचीच खायची भ्रांत होती, तरी लोकांनी घरातले कपडे दिले, अडीअडचणीला राखलेल्या कोंबड्या कापल्या आणि किनाऱ्याला लागलेली प्रेतं नीट पुरली.

मार्च १९८५. इराण-इराक युद्ध चालू होतं. ठरलेल्या मुदतीनंतर इराणच्या आकाशात दिसेल ते विमान पाडू, असं सद्दाम हुसेनने जाहीर केलं. तेहरानमध्ये शेकडो जपानी अडकले होते आणि त्यांच्या देशाचं विमान काही आलं नाही. तुर्की विमानांनी त्यांतल्या २१५ जणांना बाहेर काढलं. खुद्द तुर्की नागरिकही तेव्हा तिथे होते, त्यांतले पुष्कळ जण मोटारीने निघाले. यामागे राजकारण आणि व्यक्तिगत ओळखी यांचाही भाग असणारच. पण पुढे कारण विचारल्यावर तुर्की बाजूने एर्तुग्रुलचं नाव घेतलं. त्या २१५ जणांचा ओशिमाशी काय संबंध? काहीच नाही.

९५ वर्षं ही आठवण आपोआप टिकली नाही. ओशिमाच्या लोकांनी त्या परक्या खलाशांच्या कबरी जपल्या, स्मारक राखलं, पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धांजली वाहिली. माझ्या मते रात्रीच्या त्या धावपळीइतकंच हेही मोठं काम आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांची. सरकारने त्यांना त्यांच्या भूमीतून हुसकावलं, वाटेत हजारो मेले. त्यानंतर जेमतेम दीड दशकाने, १८४७ मध्ये, आयर्लंडमधल्या दुष्काळाची बातमी ऐकून त्यांनी १७० डॉलर जमवून पाठवले. आयर्लंड ते विसरलं नाही. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, नवाहो आणि होपी या अमेरिकेतल्याच दुसऱ्या मूळनिवासी लोकांसाठी निधी उभा राहिला, तेव्हा आयर्लंडमधून हजारोंनी पैसे पाठवले आणि अनेकांनी सोबत लिहिलं, चॉक्टॉंच्या मदतीची आठवण म्हणून. मला यातलं सगळ्यात भिडतं ते हे, की १८४७ मध्ये दिलं चॉक्टॉंनी आणि २०२० मध्ये मिळालं नवाहो-होपींना. फेड मूळ पत्त्यावर गेलीच नाही.

दिलेलं सगळंच असं फिरून येतं, असं मी म्हणणार नाही. पुष्कळ मदतीची कुठे नोंदसुद्धा राहत नाही. पण त्या कुटुंबाच्या गप्प राहण्यावरून आज काहीच ठरत नाही. त्यांच्या घरात लहान मुलं असतील, तर कठीण दिवसांत दार कुणी वाजवलं होतं, हे त्यांनी पाहिलेलं आहे.