घराचं काम काढलंय, आणि दोघांचं जमत नाहीये : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाथरूम नव्यानं करतोय. नवरा सकाळी मिस्त्रीला एक सांगतो, मी संध्याकाळी दुसरं. आता डायव्हर्टर (नळ आणि शॉवरमध्ये पाणी वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) भिंतीत फार आत गेलाय, कमोड जागेवर बसत नाही आणि ‘तुझ्यामुळे झालं’ यावर गाडी अडलीय. चूक कुणाची?

उत्तर : क्रमाची. डायव्हर्टर किती खोल बसवायचा, हे टाइल लागल्यावर भिंत कुठवर येणार यावर ठरतं. टाइलची जाडी साधारण ८ ते १० मिलिमीटर. ती अ‍ॅडहेसिव्हवर (टाइल चिकटवायच्या तयार लेपावर) लावली तर मागे आणखी ३ ते ६ मिलिमीटर जातात, सिमेंटच्या मालावर लावली तर १२ ते २०. प्लंबरनं अ‍ॅडहेसिव्ह धरून माप घेतलं आणि नंतर घरातल्या एकानं ‘मालावरच लावा’ म्हटलं, की डायव्हर्टर सेंटिमीटरभर आत गेलाच म्हणून समजा. बऱ्याच मॉडेलना एक्स्टेन्शन, म्हणजे लांबी वाढवणारा जोड, मिळतं. आधी त्याची चौकशी करा, भिंत फोडायचं नंतर बघू.

कमोडचंही तेच. जमिनीतल्या आउटलेटचा मध्य भिंतीपासून किती अंतरावर हवा, हे प्रत्येक मॉडेलच्या कागदावर छापलेलं असतं. मात्र ते अंतर टाइल लागलेल्या भिंतीपासून मोजायचं असतं. उघड्या विटेपासून मोजलं की माल आणि टाइल मिळून इंचभर खातात. मग टाकी भिंतीला टेकते आणि कमोड आउटलेटवर येत नाही.

म्हणून दोघांनी बसून यादी करा, पण आवडीनिवडींची नाही, मुदतींची. फोडकाम सुरू होण्याआधी कमोड आणि डायव्हर्टरचं मॉडेल, गीझरची जागा, टाइलची जाडी आणि ती लावायची पद्धत पक्की हवी. वायरिंगचे पाइप टाकण्याआधी आरशाची रुंदी आणि स्विचची उंची. ग्राउटचा, म्हणजे टाइलमधल्या फटी भरायच्या मालाचा, रंग टाइल लागल्यावरही ठरवता येतो; त्यावरून पहिल्याच आठवड्यात वाद घालणं म्हणजे निव्वळ हौस.

मिस्त्रीशी बोलणारा माणूस एकच ठेवा. ज्याला जास्त कळतं तो नव्हे, तर कामाच्या वेळात जो घरी असतो तो. दुसऱ्याला काही बदलायचं असेल तर संध्याकाळी आपसात बोला आणि ठरलेलं माप पेन्सिलनं भिंतीवर लिहा. तोंडी निरोप प्लंबरकडून टाइलवाल्याकडे जाईपर्यंत बदललेला असतो. भिंती बंद होण्याआधी प्रत्येक पाइपाशेजारी टेप धरून फोटो काढा. पुढे आरसा टांगायला ड्रिल लावाल तेव्हा उपयोगी पडतील.

एका बाबतीत मात्र आधीच शब्द देऊन ठेवा. वॉटरप्रूफिंगचा थर वाळला की आउटलेट बंद करून दोन इंच पाणी किमान २४ तास साठवायचं, पातळीची खूण करायची आणि खालच्या मजल्याचं छत तपासायचं. काम लांबलं की दोघांपैकी एकाला ही चाचणी वाया जाणारा दिवस वाटू लागते. टाइलखालून गळती निघाली तर केलेलं सगळं उखडावं लागतं.

प्रश्न : बैठकीच्या खोलीचा रंग ठरत नाही. शेडकार्डवर दोघांना आवडलेली छटा भिंतीवर एकाला भडक वाटते, दुसऱ्याला ठीक.

उत्तर : दोघंही बरोबर असू शकता. एक दुपारी बघतोय, दुसरा रात्री. शिवाय चारही भिंतींवर तोच रंग आला की त्या एकमेकींवर प्रकाश टाकतात आणि कार्डवरची छटा गडद वाटू लागते. दोन फूट बाय दोन फुटांच्या पांढऱ्या बोर्डावर दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि बोर्ड प्रत्येक भिंतीवर टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लावून बघा, तेही दोघांनी एकाच वेळी. दिवे बदलायचे असतील तर आधी बदला. ३००० केल्व्हिनच्या (केल्व्हिन म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर उजेडात जी करडी छटा उबदार वाटते, तीच ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या उजेडात निळसर दिसते.

प्रश्न : रंग आम्हीच देणार आहोत. किती आणायचा, आणि कामं कशी वाटून घ्यायची?

उत्तर : खोली १२ बाय १० फूट, उंची १० फूट असेल तर भिंती ४४० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे ५० वजा करा, उरले ३९०; दोन हातांचे ७८०. गुळगुळीत भिंतीवर लिटरमागे १०० ते १२० चौरस फूट धरले तर सात-आठ लिटर लागतील. सगळा रंग एकदम मिसळून घ्या आणि डबे मोठ्या बादलीत एकत्र करा, कारण दोन डब्यांत छटेचा किंचित फरक निघतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

एकानं दोन इंची ब्रशनं कडा माराव्यात, दुसऱ्यानं रोलर चालवावा. ब्रशवाला चार-पाच फुटांपेक्षा पुढे जाता कामा नये. कडा वाळल्यावर रोलर आला तर छताखाली वेगळी पट्टी उमटते. एका भिंतीवर मधेच रोलरची अदलाबदलही नको. प्रत्येकाचा दाब निराळा असतो आणि चट्टे दिसतात. बदलायचंच असेल तर कोपऱ्यात बदला. नवं प्लास्टर असेल तर २८ दिवस थांबा, आणि भिंत ओलसर असेल तर ओल कुठून येते ते आधी शोधा. ओलीवर रंग दिला तर फुगे येणारच.

प्रश्न : बायकोला महागडी टाइल हवी, मला खर्च आटोक्यात. मध्य कसा काढावा?

उत्तर : भिंतीत गाडलं जाणारं सामान, म्हणजे पाइप, वायर आणि वॉटरप्रूफिंग, दोघांनीही वादाबाहेर ठेवावं. एकूण अंदाजाच्या १० ते १५ टक्के रक्कम अडचणींसाठी बाजूला काढा. यानंतर जे उरेल त्यात टाइलचं भांडण खुशाल करा. टाइल कुठलीही ठरो, तुटफुटीसाठी १० टक्के जास्त घ्या, तिरपी लावणार असाल तर १५, आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे का, ते दुकानातच बघून घ्या.