वजन 112 किलो आहे. दवाखान्यात बीपी 160 येतं, घरच्या मशीनवर 138. खरं कोणतं मानू?

वजन सांगितलंत, आकडे सांगितलेत, पण दंडाचं माप कुठाय? मी अमळनेरला तीस वर्षं ब्लाऊज शिवते, मला आधी तेच खटकलं.

आमच्या सासूबाई अंगानं भारी. गावातल्या एका दवाखान्यात त्यांना बीपीचा पट्टा पुरायचाच नाही. हवा भरली की वेल्क्रो चर्रकन सुटायचं, मग तिथला पोऱ्या दोन्ही हातांनी पट्टा दाबून धरायचा. त्या म्हणायच्या, "मना हात दुखस रे भाऊ." आकडा आला 168. गोळी वाढली. पुढच्या महिन्यात 164, आणखी एक गोळी. मग एका सकाळी भरताची वांगी भाजून चुलीपुढून उठल्या आणि तिथंच कोसळल्या. वांग्यांचा कोळसा झाला, कोपर टम्म सुजलं.

त्या रात्री मी टेप लावला. दंडघेर साडेपंधरा इंच, म्हणजे 39 सेंमी. मोठ्या माणसांचा साधा पट्टा साधारण 34 पर्यंत चालतो, पुढं मोठा लागतो. आतली रबरी पिशवी दंडाला निदान 80 टक्के वेढली पाहिजे. आखूड पडली की नस दाबायला जास्त हवा लागते आणि आकडा फुगतो. छत्तिसाचं ब्लाऊज चव्वेचाळिसाला घातलं तर हूक तुटणारच, त्यात बाईचा काय दोष?

भाऊजी म्हणाले, "वहिनी, टेप धरून डॉक्टर झाल्या का तुम्ही?" मी गुपचूप सासूबाईंना धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटं पाठ टेकून बसवलं, मग दोन्ही पट्टे लावून दाखवले. साध्यानं 130, मोठ्यानं 116. उभं केल्यावर तर 96! एक गोळी तिथंच बंद झाली. लेकीनं नंतर मोबाईलवर 2023 चा अमेरिकेतला अभ्यास काढून दिला: सगळ्यात मोठा पट्टा लागणाऱ्यांना साधा लावला तर वरचा आकडा सरासरी 19.5 ने जास्त येतो. भाऊजींना तो मी दोनदा वाचून दाखवला.

तुमच्या घरच्या पट्ट्यावर काय छापलंय बघा. बहुतेक 22 ते 32 सेंमी असेल. मग 138 वरही भरवसा नको. दवाखान्यात जिना चढून लगेच मोजलं, हात लोंबता ठेवला, तरी आकडा चढतो. खांद्याचं हाड ते कोपर, त्याच्या मधोमध टेप लावा आणि त्या मापाचा पट्टा मागा. मनगटाचं मशीन दंडाला कुठलाच पट्टा बसत नसेल तरच, तेही मनगट छातीच्या उंचीला धरून.

आणि हो, हे वाचून गोळ्या सोडू नका. सासूबाईंना बीपी आहेच, एक गोळी रोज चालू आहे.

भाऊजींच्या सदऱ्याचं माप माझ्या वहीत आहे. दंड साडेचौदा इंच. परवा त्यांचा घाबरून फोन, "वहिनी, 150 आलं." मी म्हटलं, "पट्टा कोणता लावला होता?" त्यांनी फोनच ठेवला.