विरळ वस्तीत साथ कमी पसरायला हवी ना? मग युरोपात रानससे कमी असलेल्या भागातच रोगाने जास्त का मरतात?

गर्दी जास्त तर लागण जास्त, हा तुमचा हिशेब इथेही बरोबरच आहे. पण लागण होणं वेगळं आणि मरणं वेगळं. तुम्ही विचारताय तो रोग बहुधा ‘ईबीएचएस’ (युरोपियन ब्राउन हेअर सिंड्रोम) असावा, आणि त्यात सगळी गोम इथेच आहे.

हा यकृताचा रोग. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये तो लक्षात आला. कारण एक कॅलिसिव्हायरस. आजारी सशाच्या लेंड्यांतून बाहेर पडतो आणि चाऱ्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जातो. मोठा ससा अनेकदा काही दिवसांतच दगावतो. मरण्याआधी काही ससे इतके सुन्न होतात की माणूस जवळ गेला तरी पळत नाहीत. पण दोन-तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला लागण झाली, तर ते आजारी पडत नाही. उलट त्याच्या अंगात टिकाऊ प्रतिकारशक्ती येते.

इटलीतल्या अभ्यासांत असं दिसलं की चौरस किलोमीटरमागे १५हून जास्त ससे असतील, तर विषाणू सतत फिरत राहतो आणि पिल्लांना त्या सुरक्षित वयातच गाठतो. संख्या ८च्या खाली गेली की साखळी तुटते. पिल्लं लागण न होताच मोठी होतात, आणि पुढे कधी विषाणू आलाच तर समोर सगळे कोरे, म्हणजे प्रतिकारशक्ती नसलेले, मोठे ससे. आपल्याकडच्या ‘हेपटायटिस ए’ या काविळीच्या आजारासारखंच हे: लहानपणी होऊन गेलेला कळतही नाही, तिशीत झाला तर माणूस आडवा होतो.

म्हणूनच शिकारीसाठी बाहेरून ससे आणून सोडण्याची तिकडची पद्धत मला जुगार वाटते. आणलेले ससे कोरे असले तर विषाणू फिरत असलेल्या रानात तेच मरतात. त्यांतला एखादा विषाणू घेऊन आला, तर विरळ भागातले मूळचे ससे जातात. रानातल्या सशांना पकडून लस टोचत बसणं काही व्यवहारातलं नाही. त्यापेक्षा शेतांमधले पडीक पट्टे राखावेत, शिकार आवरावी आणि तिथल्याच सशांना वाढू द्यावं.

मात्र हा नियम प्रत्येक विषाणूला लावू नका. २०१०मध्ये फ्रान्समध्ये आढळलेला आरएचडीव्ही-२ (सशांच्या रक्तस्रावी रोगाचा एक विषाणू) हा ईबीएचएसच्या विषाणूचाच भाऊबंद. तो बिळं करणाऱ्या सशांच्या अगदी लहान पिल्लांनाही मारतो आणि पुढे रानसशांच्या काही जातींतही शिरला. त्याच्यापुढे दाट वस्ती ढाल ठरेल, असं धरून चालता येत नाही.