पीएचडीचा प्रबंध इंग्रजीत लिहायचाय, पण शिक्षण मराठी माध्यमातलं. विद्यापीठात लेखनासाठी मदत मिळते का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: एम.ए.पर्यंत सगळं मराठीतून, विषय अर्थशास्त्र, पीएचडीचं तिसरं वर्ष. गाइड प्रत्येक चॅप्टरवर 'भाषा सुधारा' एवढाच शेरा मारून परत देतात. आणि विद्यापीठाच्या गेटसमोर झेरॉक्सच्या दुकानात 'थेसिस लिहून मिळेल' ही पाटी रोज दिसते, त्यामुळे मन डळमळतंय.

पाटीचं आधी बोलते. तिकडे जाऊ नका. पाप-पुण्याचं सोडा, निव्वळ व्यवहार बघा: व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, तो दुकानदार येत नाही. शिवाय ही मंडळी बहुतेक वेळा दुसऱ्याचा मजकूर सॉफ्टवेअरमध्ये घालून शब्द फिरवून देतात. त्यातून काय निपजतं ते फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये छापील शोधनिबंधांतून वेचून दाखवलं. स्तनाच्या कर्करोगासाठी इंग्रजीत चक्क 'बुझम पेरिल', म्हणजे 'उरावरचं संकट'! कृत्रिम बुद्धिमत्तेचं 'काउंटरफीट कॉन्शसनेस', म्हणजे 'बनावट जाणीव'. सॉफ्टवेअरला हसून मोकळं होता येतं, पण त्या निबंधांवर नावं माणसांची होती.

आता वाङ्मयचोरीच्या तपासणीची भीती. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रबंध सादर करायला बंदी, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. पण हे आकडे पाठ करणारे पुढचं वाचत नाहीत. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित समीकरणं हे सगळं या मोजणीतून वगळायचं असतं. सर्वज्ञात माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही. रिपोर्टमध्ये १८ टक्के आले म्हणून रडत बसलेली एक मुलगी मला ग्रंथालयात भेटली होती. संदर्भसूची वगळली, आकडा सहावर आला. म्हणून रिपोर्ट काढणाऱ्याला आधी विचारा, काय काय वगळलंय.

मूळ प्रश्न मदतीचा. आपल्याकडे कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन-नीतीचा पेपर असतो, त्यात चोरी म्हणजे काय ते शिकवतात. लिहायचं कसं, ते बहुतेक ठिकाणी कोणी शिकवत नाही. ग्रंथालयाची कार्यशाळा झालीच तर ती संदर्भ लावायच्या सॉफ्टवेअरची. (झोटेरो तेवढं शिकून घ्या. फुकट आहे, आणि शेवटच्या महिन्यात तुमची झोप वाचवेल.) अमेरिकेत मात्र रायटिंग सेंटर, म्हणजे विद्यार्थ्यांना लिखाणात मदत करणारं केंद्र, ही ग्रंथालयाइतकी नेहमीची गोष्ट आहे. पर्ड्यू विद्यापीठाची रायटिंग लॅब १९७६ पासून चालू आहे, आणि तिचं 'आउल' हे संकेतस्थळ आपल्यालाही मोफत वापरता येतं.

मी पीएचडीच्या मध्यावर फेलोशिपवर नऊ महिने तिकडच्या एका विद्यापीठात होते. माझीही गाडी मराठी माध्यमाचीच, फक्त विषय कांद्याची साठवणूक. पहिल्याच आठवड्यात रायटिंग सेंटरमध्ये चॅप्टर घेऊन गेले. मनात हिशेब साधा: चुका दुरुस्त करून घ्यायच्या आणि यायचं. समोर बसलेला मुलगा माझ्याहून लहान. इतिहासाचा विद्यार्थी, कांदा साठवायची चाळ त्याने जन्मात पाहिलेली नसणार. तो म्हणाला, आम्ही प्रूफं तपासत नाही. माझा चेहरा पडला. मग त्याने पहिला परिच्छेद मलाच मोठ्याने वाचायला लावला आणि विचारलं, "यात तुला काय सांगायचंय?"

मी लिहिलं होतं की कांद्याच्या साठवणुकीत शेतकऱ्यांना अनेक समस्या येतात. त्याने विचारलं, अनेक म्हणजे कोणत्या? कोणत्या शेतकऱ्यांना? मी तावातावाने सांगायला लागले. ज्याच्याकडे चाळ आहे तो उन्हाळी कांदा भरून ठेवतो आणि भावाची वाट बघतो. ज्याच्याकडे नाही तो काढल्या काढल्या लासलगावच्या बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला देतो. चाळीतही कांदा सडतो, वजन घटतं, म्हणजे थांबायचीही किंमत असतेच. पाचेक मिनिटं बोलले असेन. तो म्हणाला, "हे तर कागदावर कुठेच नाही."

त्या दिवशी कळलं की माझं इंग्रजी कच्चं होतंच, पण दुखणं दुसरीकडे होतं. आपण मराठी माध्यमवाले इंग्रजीला इतके बिचकतो की चूक होऊ नये म्हणून गुळगुळीत वाक्यं लिहितो. 'अनेक घटक कारणीभूत आहेत', 'हा विषय अत्यंत महत्त्वाचा आहे'. व्याकरण शुद्ध, आत काही नाही. तुमच्या गाइडच्या 'भाषा सुधारा'चा अर्थही बऱ्याचदा तोच असतो. मुद्दा सापडत नाही, हे त्यांना वेगळ्या शब्दांत सांगता येत नाही किंवा सांगायला वेळ नसतो.

म्हणून इंग्रजीचा क्लास लावण्याआधी हे करा. चॅप्टर मिटून ठेवा आणि त्यातला मुद्दा मराठीत, तुमच्या विषयातला नसलेल्या मित्राला सांगा. मोबाइलवर रेकॉर्ड करा. तो जिथे 'म्हणजे काय?' विचारेल तिथे तुमच्या लिखाणात भोक आहे. मग ते ऐकत छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. मराठीत पूर्ण लिहून मशीनकडून भाषांतर करून घेण्याचा मोह होईल, पण मग प्रत्येक वाक्याची जबाबदारी घेता येत नाही. 'शेतकरी थांबतो' यातला 'थांबतो' वाट बघण्याचा की काम बंद करण्याचा, हे तुम्हालाच माहीत.

प्रास्ताविक अडत असेल तर जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने १९९० मध्ये मांडलेली रचना कामाला येईल. त्यांचं म्हणणं, प्रास्ताविकात संशोधक स्वतःसाठी जागा करत असतो. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच. आधी दाखवायचं की ही गाडी महत्त्वाच्या गावाला जाते आणि आत बरीच मंडळी बसली आहेत. मग दाखवायचं की एक सीट रिकामी आहे. मग रुमाल टाकायचा: या प्रबंधात मी अमुक करणार आहे. आपल्याकडचे बहुतेक प्रबंध पहिल्याच पायरीवर वीस पानं घालवतात, भारत हा कृषिप्रधान देश आहे इथपासून. आणि सीट रिकामी आहे हे आधी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, बघा. तुमच्या विषयावरचे तीन-चार प्रबंध उघडून फक्त प्रास्ताविकं वाचा, रुमाल कुठे पडलाय ते शोधा. काहींत सापडणारच नाही, त्यातूनही शिकायला मिळतं. ठरावीक इंग्रजी वाक्यरचना हव्या असतील तर मँचेस्टर विद्यापीठाची 'अकॅडेमिक फ्रेजबँक' मोफत आहे. ती वापरण्यासाठीच केलेली आहे, तिला चोरी म्हणत नाहीत.

परत आल्यावर आम्ही चौघांनी शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसायला सुरुवात केली. एक वनस्पतिशास्त्राची, एक इतिहासाचा, एक ग्रंथालयशास्त्राचा आणि मी. नियम दोनच: एका वेळी दोन पानं, आणि कोणी कोणाचं स्पेलिंग काढायचं नाही. पहिले दोन शनिवार नुसता चहा झाला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या वेळी इतिहासवाल्याने माझं कोष्टक बघून विचारलं, हे २०१० चे आकडे इथे का? मला उत्तर देता येईना. ते कोष्टक काढून टाकलं. विद्यापीठाने असं केंद्र काढायला हवं, जरूर मागणी करा, पण ते होईपर्यंत तुमची पीएचडीची सहा वर्षांची मुदत थांबणार नाही. तुमच्या विभागाबाहेरचे दोघे गाठा.

आणि गाइडकडे जाताना 'सर, चॅप्टर बघता का?' असं म्हणू नका. चाळीस पानांचा गठ्ठा बघून कोणीही 'भाषा सुधारा' लिहून मोकळं होईल. तीनच पानं द्या आणि विचारा, "सर, भाव पडण्याचं कारण मी दुसऱ्या पानावर मांडलंय, ते पटतंय का?" माझे सर या प्रश्नावर पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसले, आणि नाही म्हणाले. पुढचा तासभर का नाही ते सांगत होते.