वारली आणि गोंड शैलीत चित्रं काढायची आहेत, पण नक्कल वाटू नये. सुरुवात कशी करू?

दोन्ही शैली एकाच कॅनव्हासवर घ्यायच्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. मी तेच करून तोंडावर पडलोय, म्हणून सांगतो, आधी एकच धरा. पहिल्या चित्रात मी वारली माणसांच्या अंगात गोंडी ठिपके भरले होते. तारपा या फुंकवाद्याभोवतीच्या नाचाचा फेरा होता, पण नाचतंय असं कोणी दिसेचना, नुसती भरतकामाची उशी! वारलीत सगळी लय त्या टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांत असते. तिथे नक्षी घातली की माणूस जागीच थिजतो.

वारलीच करणार असाल तर पोस्टर कलर ठेवा बाजूला. गेरू दिलेल्या कापडावर तांदळाच्या पिठाने आणि टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने काढून बघा. ओली रेघ फिकी दिसते, वाळली की पांढरी होते. आपल्याला धीर नसतो, लगेच दुसरा हात मारतो. मग थर जाड होतो आणि कापडाची घडी घातली की पापुद्रे सुटतात. माझे दोन कापडं असेच गेले. पिठात थोडा डिंक घाला अन् वाळू द्या, काऊन घाई करता?

गोंडाचं वेगळं. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा, त्यामुळे ही शैली आपल्या घरचीच वाटते. पण कागदा-कॅनव्हासवरचं आजचं रूप आलं ते मध्य प्रदेशातल्या दिंडोरीकडच्या पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांच्यापासून. १९८०च्या दशकात ते भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आले, तिथून पुढचं सारं. आणि त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येकाचं भरण वेगळं, कुणाचे ठिपके, कुणाच्या तुटक रेघा. भरण म्हणजे सहीच ती. ते उचललं तर नक्कलच, प्राणी कितीही स्वतःचा काढा.

मी भरण शोधत होतो ते शेवटी कूलरमध्ये सापडलं. वाळ्याच्या काड्या कशा एकमेकींत गुंतलेल्या असतात, तशा बारीक वाकड्या रेघा. त्याच रेघांनी पिवळी मारबत, म्हणजे नागपुरात मिरवणुकीने नेतात तो बाईचा मोठा पुतळा, भरली, पार लुगड्यापासून नथीपर्यंत. तान्ह्या पोळ्याला लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे समोर फोटो ठेवावा लागला नाही.

विकायला काढाल तेव्हा मात्र 'गोंड चित्र' लिहू नका, 'गोंड शैलीवरून' लिहा. दोन्हींना भौगोलिक मानांकनही (जीआय टॅग) आहे.

मारबतीचे हात अजून जमले नाहीत. तिसऱ्यांदा काढतोय.